एक निबंध, दहा कॉलेजं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत पदवीला जाऊ पाहणारं मूल ज्या घरात आहे, तिथे ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न निघतोच: एका कॉलेजच्या प्रवेशअर्जासाठी लिहिलेला निबंध दुसऱ्याला चालेल का? चालतो. आपलंच लिखाण आपण पुन्हा वापरण्यात गैर काही नाही. तिथली पद्धतच थोडीफार त्यावर उभी आहे. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून 'कॉमन अ‍ॅप' हा सामायिक अर्ज सुरू केला. आज त्यात हजाराहून जास्त कॉलेजं आहेत. त्यातला मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा. एकदा लिहायचा आणि जास्तीत जास्त २० कॉलेजांना पाठवायचा. (वीस म्हणजे हावरेपणा झाला, असं आपलं माझं मत.)

खरी गोम आहे ती पुरवणी निबंधांत. नावाजलेली बहुतेक कॉलेजं मुख्य निबंधाशिवाय स्वतःचे दोन-चार प्रश्न विचारतात, आणि डिसेंबर संपत आला की कॉपी-पेस्टला ऊत येतो.

समजा, पुण्यातली बारावीची एक मुलगी ढोल-ताशा पथकात आहे. मिशिगन विद्यापीठ कित्येक वर्षं विचारत असे: तुम्ही ज्या समुदायांचे घटक आहात त्यांपैकी एक निवडा आणि त्यातलं तुमचं स्थान सांगा. ही मुलगी नदीपात्रातल्या सरावाबद्दल लिहिते. कमरेला बांधलेला ढोल, पहिल्याच आठवड्यात हाताला आलेले फोड, आणि सराव संपल्यावर सगळ्यांनी मिळून खाल्लेला वडापाव. तीनशे शब्द, झकास.

आता कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज. हा कॉमन अ‍ॅपमध्ये नाही. एकच अर्ज नऊ कॅम्पसना चालतो, आठ प्रश्नांपैकी चार सोडवायचे, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. त्यात नेतृत्वाबद्दल एक प्रश्न आहे. मुलगी तोच ढोल उचलते, पन्नास शब्द वाढवते आणि मोकळी होते. पण पहिल्या मजकुरात जिथे तिथे 'आम्ही' आहे: आम्ही जमलो, आम्ही वाजवलं. इथे विचारलंय, तू काय केलंस? ताल सारखा चुकवणाऱ्या नव्या मुलीला तिने रोज अर्धा तास आधी बोलावून हात बसवून दिला असेल, तर ते इथे यायला हवं, आणि मिशिगनच्या निबंधात त्याचा उल्लेखही नव्हता. शिवाय हे विद्यापीठ सुरुवातीच्या अर्जासोबत शिफारसपत्रं घेत नाही. शिक्षकांनी तिच्याबद्दल चार शब्द सांगितले असते, तेही तिलाच सांगावे लागतात. ढोल तोच, पण जुन्या निबंधातल्या जेमतेम तीन-चार ओळी टिकतील. वडापाव तर नाहीच.

'आमच्याच कॉलेजात का?' हा प्रश्न मात्र सरळ कोऱ्या पानावर घ्यावा. ब्राउन आणि कोलंबिया, दोन्ही आयव्ही लीग या आठ नामवंत विद्यापीठांच्या गटातली. ब्राउनचा ओपन करिक्युलम प्रसिद्ध आहे: मुख्य विषयाच्या अटी सोडल्या, तर अमुक विषय घेतलाच पाहिजे अशी सक्ती जवळपास नाही. कोलंबिया कॉलेजात उलट. तिथे कोअर करिक्युलम, म्हणजे साहित्य, तत्त्वज्ञान, कला, संगीत यांचे ठरावीक वर्ग सगळ्यांना बंधनकारक, आणि कॉलेजला त्याचाच अभिमान. 'मला माझे विषय माझे मी निवडायचे आहेत' हे वाक्य ब्राउनला शोभून दिसतं. तेच कोलंबियाला पाठवलं, तर तुमच्याकडचं मुख्य तेच मला नको, असं स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं होतं. 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक' आणि 'अत्याधुनिक प्रयोगशाळा' ही वाक्यं दोन्हीकडे बसतात, म्हणूनच ती कुठेही कामाची नाहीत.

स्टॅनफर्ड भावी रूममेटला उद्देशून मजकूर मागतं. त्यात ऑलिम्पियाडची पदकं मोजणारी मुलं असतात. अशा मुलाबरोबर वर्षभर खोलीत कोण राहील?

म्हणून लिहायला बसण्याआधी सगळ्या कॉलेजांचे प्रश्न एका कागदावर शब्दमर्यादेसह उतरवून घ्या. कुठला अनुभव कुठे जाईल ते तिथेच दिसतं. आणि एक काम पालकांसाठी. कॉमन अ‍ॅपमध्ये अर्ज पाठवण्याआधी त्याची पीडीएफ दिसते. ती मुलाला मोठ्याने वाचायला लावा. मुख्य निबंध पुढच्या कॉलेजांसाठी बदलता येतो. पण कोलंबियाच्या पुरवणीत ब्राउनचं नाव राहून गेलं आणि बटण दाबलं, तर तिथून ते काढता येत नाही.

नमस्कार.