दहाचा पुडा आणि ग्रॅमचा हिशोब

(पडद्यावर: ठाणे स्टेशन, पश्चिम. टपरीवर लटकलेल्या पाकिटांच्या माळा.)

ठाण्याला वेस्टला उतरलात की पहिल्या टपरीपाशी थांबा आणि जरा वर बघा. वेफर्स, शेव, बिस्किटं, शॅम्पू, सगळ्याच्या माळा लटकलेल्या आणि सगळ्यांवर आकडे तेच, पाच, दहा, वीस. तेल महागलं, बेसन महागलं, डिझेल महागलं, तरी दहाचा पुडा दहालाच, कारण टपरीवाल्याकडे सुट्टे नसतात आणि पोरगं हातात दहाची नोट घेऊन आलेलं असतं, त्याला अकरा सांगितले की ते सरळ शेजारच्या कंपनीचं पाकीट उचलतं. कंपनीला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मग किंमत जागच्या जागी ठेवून हलवायचं काय, तर आतला माल.

२०२५ च्या सप्टेंबरात याचीच उलटी गंमत झाली. २२ तारखेपासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, नमकीनवरचा १२ वरून ५. किंमत उतरवा म्हटल्यावर पाचच्या पुड्यावर चार रुपये पंचेचाळीस पैसे असला आकडा आला. आता ते पंचावन्न पैसे देणार कोण आणि मागणार कोण? पन्नास पैशाचं नाणं कायद्यानं अजून चालतं म्हणे, एकदा रिक्षावाल्याला देऊन बघा. शेवटी गाडी परत गोल आकड्यावर आली आणि फरक ग्रॅममध्ये द्यायचं ठरलं. म्हणजे छोट्या पाकिटात वर-खाली होतो तो ग्रॅमचा आकडा, रुपया आपला नुसता तिथे उभा.

(पडद्यावर: ठाणे-बेलापूर रोड, एमआयडीसी. पाऊच भरणारं मशीन.)

रबाळे, महापे, पावणे. इथे काय किंवा दुसऱ्या कुठल्या एमआयडीसीत काय, वेफर्सचं पाऊच भरायचं मशीन साधारण एकाच पद्धतीनं चालतं. वर छापील फिल्मचा भलामोठा रोल. ती फिल्म एका कॉलरवरून वळते आणि तिची नळी होते, मागे उभी सील बसते, खाली आडवी, मग वरच्या वजनकाट्यातून मोजलेला माल धपकन आत पडतो, नायट्रोजन सोडला जातो, वरची सील, कट, पुढचं पाकीट. आता बारकाईनं बघा, पिशवीची रुंदी ठरते त्या कॉलरवरून. रुंदी बदलायची तर कॉलर बदला, नळी बदला, नव्या मापाचा रोल छापून घ्या. वजन बदलायचं तर? मशीनच्या स्क्रीनवर आकडा बदलायचा आणि छपाईत नेट वेट बदलायचं, झालं. म्हणून माल घटतो तेव्हा पिशवी घटत नाही. त्यात मुद्दाम फसवायचा हेतू असेल किंवा नसेल, पण हाताला पिशवी तेवढीच लागते आणि आपण हातावरच विश्वास ठेवतो.

बरं, त्यातल्या हवेला सगळेच शिव्या घालतात, त्यावर एवढे जोक झालेत की बास, पण ती बिचारी निम्मी निर्दोष आहे. तो नायट्रोजन असतो, ऑक्सिजन बाहेर काढला की तळलेला माल खवट व्हायला वेळ लागतो आणि टेम्पोतून येताना वेफर्सचा चुराही होत नाही. चिडायचं तर हवेवर चिडू नका, मागच्या आकड्यावर चिडा.

आणि त्या आकड्यांचीच खरी गोष्ट आहे. पॅकबंद मालाचे २०११ चे नियम आहेत, त्यात आधी एक यादी होती, बिस्किटं, ब्रेड, लोणी, चहा, कॉफी, मीठ, डाळी, आटा, रवा, खायचं तेल, साबण, असे पदार्थ ठरलेल्या मापातच भरायचे. १०० ग्रॅम, २००, ५००, एक किलो, असं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती निघाली आणि ती यादीच काढून टाकली. आता ८७० ग्रॅम भरा नाहीतर ४३ ग्रॅम भरा, छापलं म्हणजे झालं. त्या बदल्यात गिऱ्हाइकाला काय दिलं, तर युनिट सेल प्राइस, म्हणजे एका ग्रॅमचा, मिलीचा किंवा नगाचा भाव एमआरपीबरोबर छापायचा. हे सक्तीचं करायची तारीख पुढे ढकलत ढकलत आली, पण आता ते पाकिटावर असतं.

(पडद्यावर: पाकिटाची मागची बाजू, अगदी जवळून.)

असतं, पण कुठे? पाकीट उलटं करा, वरच्या सीलच्या घड्यांपाशी, चकचकीत चंदेरी फिल्मवर काळ्या इंकजेटच्या ठिपक्यांत, बॅच नंबर, तारीख, एमआरपी आणि त्याच्या शेपटीला कुठेतरी ०.२८ प्रति ग्रॅम. घडीत निम्मा आकडा गेलेला, उरलेला बोटानं पुसला जातो. पुढच्या बाजूला मात्र "२० टक्के जास्त" हे तीन फुटांवरून वाचता येतं.

आणि त्या ०.२८ मध्येही एक गोम आहे, ती फार कोणी सांगत नाही. एक किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमला छापायचा आणि दशांशानंतर दोनच आकडे. ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये, हे आधी डोक्यात बसवा. आता एका पाकिटाचा खरा भाव १५.५ पैसे ग्रॅम आणि दुसऱ्याचा १६.४ पैसे, दोन्हीवर छापून येणार ०.१६. किलोला नऊ रुपयांचा फरक आणि छापील भाव सारखाच! किलोच्या वरचं पाकीट असेल तर भाव किलोला असतो, म्हणजे छोटं आणि मोठं शेजारी शेजारी ठेवलं तर एकावर ०.१६ आणि एकावर १५४ रुपये. काढा आता तोंडी हिशोब, मागे ट्रॉली घेऊन रांग उभी असताना. सरळ सगळ्यांना किलोचा किंवा लिटरचा भाव छापायला लावला असता तर आजीसुद्धा दोन सेकंदात बोलली असती, हे महाग आहे, ठेव.

तेलाचं प्रकरण तर वेगळाच ताप आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. त्यात तेल तापलं की फुगतं, सरकारनंच सांगितलेला आकडा आहे, एक लिटर सोयाबीन तेल २१ डिग्रीला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० डिग्रीला ८९२.६. काही कंपन्या लिटरच्या बाजूला ६० डिग्री लिहायच्या, म्हणजे लिटर तर भरतंय पण वजन कमी, म्हणून २०२२ मध्ये सांगितलं की तापमान लिहू नका आणि लिटरबरोबर वजन पण लिहा. हे चांगलं झालं. पण ठरलेली मापं गेल्यावर ८५० ग्रॅमची पिशवी लिटरच्या पिशवीशेजारी येऊन बसली, दिसायला जुळी बहीण. समजा लिटरची १५० ला आहे आणि ८५० ग्रॅमची १४२ ला. हात कुठे जाईल? १४२ वर. हिशोब केला तर पहिली किलोला १६५ च्या आसपास पडते आणि दुसरी १६७ ला. आठ रुपये वाचवले म्हणून खूश आणि तेल ६० ग्रॅम कमी. दिवाळीच्या फराळाला डबा आणता तेव्हा तर नीट वाचा, १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लिटरवाल्यात सव्वा किलोपेक्षा जास्त तेल कमी असतं. दुकानदार दोघांनाही १५ चा डबाच म्हणतो.

(पडद्यावर: जांभळी नाका, धान्याची दुकानं.)

मग सुटं घ्यावं का? जांभळी नाक्यावर पोती उघडी असतात, तूरडाळ मुठीत घेऊन बघता येते, फटका आहे का साधी, पॉलिश किती मारलंय, कीड आहे का. वर सुट्या डाळीला जीएसटी नाही, १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पॅकबंद डाळ-तांदूळ-पिठाला ५ टक्के लागतो, पण तोही २५ किलोपर्यंतच, म्हणून तर २६ किलोच्या, ३० किलोच्या गोण्या निघाल्या. एकत्र कुटुंब असेल किंवा सोसायटीतले चार जण मिळून तुर्भ्याच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, गोणी उचलत असतील तर फायदा दिसतो.

पण सुटं म्हणजे चांगलंच असं डोक्यात घेऊ नका. मिरची पावडर, हळद पावडर सुटी विकायला नियमानंच मनाई आहे, कारण पावडरीत काय मिसळलंय ते डोळ्याला कळत नाही. तिथे एकतर पॅकबंद घ्या, नाहीतर उन्हाळ्यात आपल्या बायका करतात तसं मसाला मार्केटमधून अख्खी मिरची आणून डंकावर समोर उभं राहून कुटून घ्या. ठसका लागेल, पण काय खातोय ते माहीत असेल.

आणि मोठ्या स्टोअरमधलं ते "एमआरपी २४०, आमचा भाव १४९". डाळीची एमआरपी सरकार ठरवत नाही, पॅक करणारा स्वतः छापतो. २४० छापणं त्याच्याच हातात होतं. त्यामुळे एमआरपीवर किती वाचले हे बिलाच्या खाली जाड अक्षरात येतं ना, ते मी तरी वाचायचं सोडून दिलंय. शेजारच्या वाण्याचा भाव किती, एवढंच विचारायचं.

आत काय आहे हा आणखी वेगळा विषय, त्यावर थोडक्यात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जे जास्त ते आधी. पुढे मल्टिग्रेन लिहून मागे पहिलं नाव मैद्याचं असेल तर तुम्ही मैदा मल्टिग्रेनच्या भावात घेताय. आइस्क्रीममध्ये दुधाचं फॅट लागतं, फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाचं चालतं, फ्रीजर एक, चमचा एक, आणि किंमतही बऱ्याचदा जवळपास.

आता तक्रारीचं. घरच्या काट्यावर पाकीट हलकं भरलं म्हणून लगेच फेसबुकवर जाऊ नका, एकेका पाकिटाला थोडी सूट नियमातच आहे, १०० ग्रॅमला साडेचार ग्रॅम, एक किलोला १५ ग्रॅम, फक्त लॉटची, म्हणजे एकत्र भरलेल्या मालाची, सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये. म्हणून निरीक्षक एक पाकीट बघत नाहीत, लॉटमधले नमुने काढतात. त्याहून जास्त तूट असेल, एमआरपी खोडून वर स्टिकर मारला असेल, युनिटचा भाव छापलाच नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, किंवा राज्याच्या वैधमापन, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या, खात्याकडे जाता येतं. वजन घटवलंय पण घटलेलं वजन प्रामाणिकपणे छापलंय, याची मात्र तक्रार होत नाही. बिल ठेवा, पाकीट फोडू नका, आणि फोटो पुढच्या रंगीत बाजूचा नको, मागचा, सीलची घडी सरळ करून, बॅच नंबर दिसेल असा.