रकाना : इतर

[दृश्य : रविवार, सकाळचे साडेसात. पुण्याच्या पेठेतलं मटणाचं दुकान.]

रांग रस्त्यापर्यंत आलीय. "अर्धा किलो, मांडीचं द्या, दोन चापा टाका." "पाऊण किलो, चरबी नको." रांगेतल्या एक बाई मात्र वजन सांगत नाहीत. पुढे वाकून हळूच विचारतात, "मामा, मुंडी ठेवलीय ना?"

ठेवलीय. आदल्या रात्री सांगून ठेवली होती म्हणून. बोकडाला पाय चार, वजडी म्हणजे पोटाची पिशवी एक आणि मुंडीही एकच. मांडीला गिऱ्हाईक वाढलं की जास्त बोकड कापले जातात. मुंडीला कितीही मागणी येवो, तिच्यासाठी म्हणून कुणी बोकड कापत नाही. त्यामुळे या बाईंच्या घरी रविवारी काय शिजणार, हे रांगेतले मांडीवाले ठरवतात.

[दृश्य : मुंडी जाळावर धरलेली. जळक्या केसांचा धूर.]

मुंडी स्वस्त पडते, पण ते दुकानातल्या हिशोबात. केस जाळायचे, खरवडायचं, फोडून आणायची, भेजा वेगळा काढायचा. वजडीचं तर विचारूच नका. गरम पाणी, चुना, पुन्हा पाणी, मग मीठ. वरचा काळा थर निघून पांढरी दिसेपर्यंत घासत राहायचं. त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, मटणापेक्षा कितीतरी जास्त. गॅस आणि बाईचे दोन तास मटणाच्या बिलात कधीच येत नाहीत.

घरखर्च सरकारही मोजतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची माणसं दारी येतात, काय खाल्लं, किती, कितीला, सगळं विचारतात. याच आकड्यांवरून १९७१ साली पुण्यातल्या गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी देशातलं दारिद्र्य मोजलं होतं. २०२२-२३ च्या पाहणीत शहरी भारताचा खर्च निघाला माणशी महिना सरासरी ६,४५९ रुपये. त्यातला अंडी, मासे, मटण यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सव्वादोनशेच्या थोडं वर, आणि ही सरासरी न खाणाऱ्यांनाही धरून.

आता या सव्वादोनशेत आपली वजडी शोधायची. पाहणीच्या यादीत रकाने आहेत : बोकड-मेंढीचं मटण, कोंबडी, डुक्कर, गाय-म्हशीचं मांस. वजडी जाते मटणात, मांडीच्या शेजारी. तिथे ती दिसत नाही. दिसली तरी फसवते, कारण हा वाटा रुपयांत मोजलाय. चार माणसांची मांडी आणि चार माणसांची वजडी, ताटं तेवढीच भरतात. कागदावर मात्र दुसरं घर कमी खाणारं ठरतं.

गाय-म्हशीच्या रकान्याची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीवर ती आधीपासूनच होती. त्यामुळे पुण्याच्या कॅम्पातलं गिऱ्हाईक आज "बड्याचं द्या" म्हणतं, ते म्हशीचं. रकान्याचं नाव तेच राहिलं, आतलं जनावर बदललं. वाळवलेल्या मांसाच्या चान्या ज्या घरांत उतरंडीला असायच्या, त्यांचा खर्च कुठल्या रकान्यात सरकला, हे त्या घरांनाच विचारायला हवं. आणि तेही सरकारी माणसानं विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही.

शेवटचा रकाना 'इतर'. त्यात पक्षी, खेकडे, कालवं आणि, हो, कासवसुद्धा. वन्यजीव कायदा असलेल्या देशात दारी आलेल्या साहेबाला "गेल्या आठवड्यात कासव केलं होतं" असं कोण सांगणार!

[दृश्य : मुळशीकडचा ओढा. रात्र, पाऊस, बॅटरीचा उजेड दगडाखाली शिरतो.]

खेकडे मात्र खरे. पहिल्या पावसानंतर मुळशी-मावळात रात्री बॅटरी घेऊन पोरं ओढ्यात उतरतात. काळे, डोंगरी खेकडे. निम्मे घरी, निम्मे बादलीतून शहराकडे, रस्त्याच्या कडेला. नांग्या वाटून गाळलेल्या पाण्याचा रस्सा, तोही सर्दीवर औषध म्हणून! औषधाचा खर्च कोणत्या रकान्यात घालायचा?

आणि मग आखाड. श्रावण लागायच्या आधीचे रविवार. अख्खं पुणं मटणाला उभं राहतं, बोकड दुप्पट लागतात आणि मुंड्याही दुप्पट निघतात. वर्षात एवढ्याच आठवड्यांत त्या बाईंना आदल्या रात्री सांगून ठेवावं लागत नाही.

[दृश्य : तेच दुकान, आखाडातला शेवटचा रविवार, दुपारचा एक. मटण टांगायच्या आकड्यावर काही नाही. ओट्यावर दोन मुंड्या.]

"मामा, एकच बास. दुसरी ठेवा कुणाला तरी."