एका दिवसात एकच ठिकाण

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी मला सांगितलं होतं, 'बाई, घरच्यांना घेऊन सकाळी निघावं आणि संध्याकाळी परत यावं अशा ठिकाणांची यादी आणा.' यादी मी आणलेली नाही. यादीनेच आमची एकदा फजिती केली होती, ती आधी सांगते.

पाच वर्षांपूर्वीची दिवाळी. लेक-जावई आलेले, नातू चार वर्षांचा, सासूबाई सत्त्याहत्तरच्या. मी कागद घेऊन बसले. सोलापूरहून तुळजापूर, तिथून नळदुर्ग, तिथून अक्कलकोट आणि परत घर. नकाशावर असा सुरेख गोल दिसत होता की मीच माझ्यावर खूश झाले. भाड्याची गाडी सांगितली, धपाटे केले, पहाटे निघालो. वार कोणता होता? मंगळवार! देवीचा वार, त्यात दिवाळीची सुट्टी. जन्म सोलापुरात गेला आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. दर्शन होऊन बाहेर यायला दीड वाजला. तुळजापूरचं देऊळ खाली आहे, म्हणजे जाताना पायऱ्या उतरायच्या आणि गुडघे दमल्यावर त्याच पायऱ्या चढून यायचं. नळदुर्गला पोचलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'तुम्ही जावा, मी गाडीतच बसते.' जावयांनी नातवाला खांद्यावर टाकून पळत पळत पाणीमहाल दाखवला. अक्कलकोटला नातू खांद्यावर झोपलेला आणि आम्ही सगळे एकमेकांवर चिडलेले. रात्री घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं, 'कशी झाली सहल?' म्हणाल्या, 'गाडी लई चांगली होती गं.'

खोटं नव्हतंच ते. दिवसभर त्यांनी गाडीच पाहिली होती.

त्या रात्री आमच्या घरात कायदा झाला, एका दिवसात एकच ठिकाण. दुसरं वाटेवर असलं, अगदी दोन किलोमीटरवर असलं, तरी नाही. आणि ठिकाण ठरवायचं ते घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाकडे बघून.

नळदुर्गला मग आम्ही पुन्हा गेलो, फक्त नळदुर्गला. हैदराबाद रस्त्याने पंचेचाळीसेक किलोमीटर. बोरी नदी या किल्ल्यात खेळवून घेतलेली आहे. तिच्यावर घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. नदीला पाणी भरपूर आलं की ते भिंतीवरून दोन धारांनी कोसळतं. त्यांना नर आणि मादी म्हणतात. आत खोलीत उभं राहिलं की पाणी डोक्यावरून जातं, समोर पडदा पडल्यासारखं कोसळतं, आणि आपण कोरडे. पण पाणी असेल तर! जूनमध्ये पोरं धबधबा बघायला जातात आणि वाळकी भिंत बघून येतात. आपल्याकडचा खरा पाऊस परतीचा. गणपती उठल्यावर बोरीला पाणी आलं का, याची आधी चौकशी करायची आणि मगच निघायचं.

तिथलीच एक गोष्ट मला फार आवडते. नळदुर्गचा आणि अणदूरचा खंडोबा एकच. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला असतो आणि थोडे दिवस नळदुर्गला. म्हणजे देवसुद्धा एका वेळी एकाच ठिकाणी राहतो, आणि आम्ही निघालो होतो दिवसात तीन करायला.

आता कुडल. इथल्या किती जणांनी हत्तरसंग कुडल पाहिलंय? हात वर करा बघू. ...बघा, निम्मेसुद्धा नाहीत. चाळीस किलोमीटरवर आहे हो! विजापूर रस्त्याने मंद्रूप मागे टाकायचं आणि आत वळायचं. भीमा आणि सीना तिथे मिळतात. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातली माणसं आपण, एवढं पाणी एका जागी दिसलं की आधी गप्पच होतो.

संगमेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळातलं. त्याच्या तुळईवर एक लेख आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. आपल्याच गावचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतला सगळ्यात जुना लेख कोणता, श्रवणबेळगोळचा, अक्षीचा की हा, यावर विद्वानांना भांडू द्या. मला त्यातल्या ओळीशी कर्तव्य आहे. 'वाछि तो विजेया होईवा.' वाचील तो विजयी होईल. वाचनालयात उभी राहून हे सांगताना मला किती बरं वाटतंय, ते कळतंय ना तुम्हाला?

गेल्या जानेवारीत सासूबाईंना घेऊन गेलो. तुळई वर, त्यांची मान वर होत नाही. जावयांनी सोलापुरी चादर चौघडी करून खाली घातली, त्यांना खांबाला टेकवून बसवलं, म्हणजे नजर आपोआप वर गेली. मी ओळ वाचून अर्थ सांगितला. 'वाचंल त्योच जिकंल व्हय?' म्हणाल्या, 'मग माझं काय, मी तर चवथी नापास!' तरी उठायला तयार होईनात. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट वर करून म्हणाल्या, 'त्यो बघ, त्यो व हाय.' आता तो व होता की दुसरंच काही, मी तपासलं नाही. सून आहे मी, कशाला तपासू?

तिकडे शेजारच्या हरिहरेश्वरात नातवाचं वेगळंच चाललं होतं. मातीखाली गाडलेलं ते देऊळ १९९९ साली उकरून काढलं. तिथे एक शिवलिंग सापडलं, त्याच्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मूळ लिंग धरलं तर ३६०. आजोबांनी नातवाला आकडा सांगितला आणि तिथेच चूक केली. पोरगा म्हणाला, मी मोजणार. एक ओळ संपली की कुठून सुरू केलं होतं ते विसरायचा. खूण करायला आजोबांनी आपली टोपी ओळीच्या टोकाशी धरून ठेवली. लिंगाभोवती नातू फिरतोय आणि टोपी हातात धरून आजोबा वाकलेले, असं अर्धा-पाऊण तास. एकशे बारावर मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

यादी घेऊन गेलो असतो तर मी त्याला हाताला धरून ओढलं असतं. 'चल, अजून दोन ठिकाणं राहिलीत.' तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या, हे वाक्य माझ्या तोंडात पक्कं बसलंय.

मग नदीकाठी डबा सोडला. बाहेर जाताना पोळी-भाजी नेऊ नका, दुपारपर्यंत वास येतो. आपली कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगाचटणी, दही, कांदा. कडक भाकरी कशी खायची हे पुण्याच्या जावयांना दरवेळी नव्याने शिकवावं लागतं. ते चावा घेतात! मोडून दह्यात बुडवून दोन मिनिटं थांबायचं असतं, तेवढा दम त्यांना निघत नाही.

बाकीची ठिकाणं भराभर सांगते. नान्नजला जा, बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य म्हणून १९७९ साली ते जाहीर झालं. माळढोक दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका, पोरांना तसं कबूलही करू नका. काळवीट दिसतात. पहाटेच्या उन्हात गवतातून काळवीट उडी मारतं तेव्हा 'सोलापुरात निसर्ग कुठाय' म्हणणाऱ्या माणसाला बाजूला उभं करावं असं वाटतं. निसर्ग म्हणजे कोकण आणि महाबळेश्वर, हे कुणी ठरवलं? आपला निसर्ग उघडा माळ, काळी जमीन आणि डोक्यावर सगळं आभाळ. त्याला झाडी नाही म्हणून एप्रिल-मेमध्ये त्याच्या वाटेला जायचं नाही, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत घरीच थांबायचं.

मंगळवेढा रस्त्यावर माचणूर आहे. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ, नदीपर्यंत उतरणारा घाट. शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. बादशहा चार वर्षं बसला, आपल्याला एक दुपार बसायला काय हरकत आहे! जानेवारीत गेलात तर त्या पट्ट्यात ज्वारी उभी असते. कुणाच्या शेतावर ओळख काढून हुरडा खाल्ला तर माचणूरला पोचला नाहीत तरी माझी तक्रार नाही.

आणि गाडी नाही, ही सबब सांगू नका. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना तर फुकट. आमच्या सासूबाई कंडक्टरला कार्ड दाखवताना जो चेहरा करतात, तो दर्शनाच्या वेळीसुद्धा नसतो. फक्त कुडलला एसटीची वेळ जुळवण्यात दिवस जातो, तिथे वडापची जीप किंवा स्वतःची गाडी बरी.

तुळजापूरला आता आम्ही बुधवारी जातो. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून. कोजागरीला सोलापूरहून चालत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ती सहल नव्हे, तो नेम. चौदा वर्षं मी चालले, आता दारात उभी राहून पाणी देते.

आयोजक घड्याळ दाखवतायत. परवाच्या रविवारी आमचं निघायचं ठरलंय. सासूबाईंना माचणूरचा घाट हवा, पाय पाण्यात सोडून बसायला. नातवाला कुडल, मोजायचं राहिलंय म्हणून. तो म्हणतो, एकशे बाराच्या पुढून मोजलं तर चालेल का? आजोबा म्हणतात, कुठल्या मुखापासून ते आधी दाखव. कालपर्यंत तरी कुणी माघार घेतलेली नाही.