सेकंदाचा पाचशेवा भाग

मंडळी, अंधाराचे फोटो पूर्वीही निघत होते. ट्रायपॉड लावायचा, शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं, देऊळ सुरेख यायचं. कारण देऊळ हलत नाही. खरी पंचाईत व्हायची हलत्या माणसांची, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत डिजिटल कॅमेऱ्यांमुळे जे बदललं ते इथे बदललं.

दशावताराचं बघा. सिंधुदुर्गातली जत्रा, रात्र चढलेली, रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पायपेटी आणि पखवाज. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे राजा पुढच्या क्षणी काय करील हे त्याच्या समोरच्या नटालाही ठाऊक नसतं, आपल्याला कुठून असणार? युद्धाचा प्रसंग आला की तलवारी घेऊन गिरक्या सुरू. समजा तिथल्या उजेडात ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे प्रकाशाला दाद देण्याचं माप) फिल्मवर, एफ २.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं ठेवून, शटर १/३० सेकंद मिळतंय. एवढ्यात राजाचा मुकुट येईल, चेहरा पुसला जाईल. फिल्म दोन स्टॉप पुश करून, म्हणजे धुताना जास्त वेळ ठेवून चौपट संवेदनशील असल्यासारखी वापरून, १/१२५ पर्यंत जाता यायचं, पण फोटोत दाणे ज्वारीएवढे. नाहीतर फ्लॅश. फ्लॅशने चेहऱ्यावरचा रंग चपटा होतो, मागे पडद्यावर काळी सावली पडते, आणि नटाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते वेगळंच.

आता डिजिटल कॅमेऱ्यावर तोच उजेड, तीच लेन्स, आयएसओ ६४००. चार वेळा दुप्पट झालं, म्हणजे शटर १/५००. गिरकीतला राजा डोळ्यांच्या बुबुळांसकट थांबतो. २००७ मध्ये निकॉनचा डी३ कॅमेरा आला तेव्हा ६४०० हा आकडा प्रथमच रोजच्या वापरातला वाटू लागला. २०१४ च्या सोनी ए७एसवर तर ४,०९,६०० लिहिलेलं होतं. असले वरचे आकडे मी पत्रकापुरते मानतो. तिथे फोटो निघतो, लावावासा वाटत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. आयएसओ वाढवला म्हणून सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली प्रकाश टिपणारी चिप, जास्त प्रकाश घेत नाही. आलेला संकेत मोठा करून मिळतो, एवढंच. मग सुधारलं काय? एक, सेन्सरवर पडणाऱ्या फोटॉन्सपैकी, म्हणजे प्रकाशाच्या कणांपैकी, जास्त कामी येऊ लागले. पूर्वी पिक्सेलवरच्या तारा प्रकाशाच्या वाटेत यायच्या. बॅक-इल्युमिनेटेड रचनेत त्या मागे गेल्या. २०१५ च्या सोनी ए७आर-टू मध्ये ही रचना फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या, सेन्सरवर आली. दोन, संकेत वाचताना सर्किट स्वतःची जी खरखर मिसळायचं, ती आता पिक्सेलमागे जेमतेम दोन-तीन इलेक्ट्रॉनांवर आली.

तरीही नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, उरतो, आणि बराचसा कॅमेऱ्याचा नसतोच, प्रकाशाचा असतो. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर कसे पडतात? एका फरशीवर चार, शेजारचीवर एकही नाही. सर धरली की सगळ्या सारख्या भिजतात. फोटॉनही असेच येतात. एका पिक्सेलला सरासरी १०० मिळत असतील तर साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० मिळाले तर चढउतार १०० चा, फक्त १ टक्का. हे कुठलीही कंपनी मोडून काढू शकणार नाही. म्हणून मोठ्या छिद्राची, जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स आजही तितकीच मोलाची आहे.

मोबाइलचा नाइट मोड वेगळ्या वाटेने जातो, एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या जुळवतो. देवळाच्या दीपमाळेला उत्तम. गिरकी घेणाऱ्या राजाला नाही.

मला स्वतःला रंगमंचापेक्षा मागची बाजू जास्त भावते. दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतात. एक दिवा, हातात आरसा, अर्धा चेहरा राजाचा आणि अर्धा गावातल्या माणसाचा. हा फोटो आता हातात कॅमेरा धरून, त्यांच्याच दिव्यात मिळतो. मात्र पूर्वी फ्लॅश उडायचा तेव्हा फोटो काढल्याचं सगळ्यांना कळायचं. आता ना उजेड, ना शटरचा आवाज. लुगडं नेसत असलेल्या नटाला पत्ताही लागत नाही. तेव्हा आधी विचारा. आणि घरी आल्यावर सावल्या उपसून रात्रीची दुपार करू नका. हल्ली हा रोगच झालाय.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ला एक फ्रेम उजळ, दुसरी काळपट, आणि मूक इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फोटोवर आडवे पट्टे. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची, म्हणजे दिव्याची लुकलुक सांभाळून फोटो घेण्याची, सोय असेल तर सुरू करा. तरीही भागत नसेल तर मुकाट्याने १/१०० वर या, म्हणजे कमावलेलं बरंचसं परत गेलं. हॅलोजन असेल तर एवढी चिंता नाही. म्हणून जत्रेत पोचलात की नाटक सुरू होण्याआधी मांडवातल्या वायरमनला गाठा आणि रंगमंचावर कोणते दिवे लावणार ते विचारून घ्या.