सशाचं काळीज कोरियाला कसं पोचलं

मंडळी, कोरियन पॉपचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ही सगळी अमेरिकेची नक्कल, त्यात कोरियन ते काय? आणि दुसरं, यामागे पूर्व आशियाची हजारो वर्षांची परंपरा आहे. मला दोन्ही पटत नाहीत, दुसरं तर फारच कमी. पोरांना कोवळ्या वयात कंपनीत घ्यायचं, नाच-गाणं-बोलणं घोटून घ्यायचं आणि मग मंचावर उभं करायचं, ही रीत सोलमध्ये १९९०च्या दशकात रुजली, जपानचा आयडॉल-धंदा आणि अमेरिकन पॉप बघून. तिथे उगाच कन्फ्यूशियसला ओढून आणू नये. पण परंपरा या गाण्यांत शिरते हेही खरं. कुठून शिरते, ते बघू.

कोरियात पान्सोरी नावाचा कथागायनाचा प्रकार आहे. एक गाणारा किंवा गाणारी, हातात पंखा. शेजारी चटईवर एक ढोलवादक. बस. कथा गायची, मध्येच गद्य बोलायचं, सगळी पात्रं एकट्यानेच उभी करायची. पूर्ण कथा म्हणायची तर काही तास सहज जातात. आवाज मुद्दाम खरवडलेला, घोगरा. गोड गळ्याचं तिथे फारसं कौतुक नाही. ढोलवादक मधूनमधून 'ओल्सिगु!', 'छोत्ता!' असं ओरडतो. याला छुइम्से म्हणतात. आपल्या शाहिरामागे झीलकरी असतात ना, तसंच. फरक इतकाच की इथे झील धरायचा हक्क श्रोत्यांनाही आहे, आणि गप्प बसलेला श्रोता गाणाऱ्याला जड जातो.

बीटीएस या कोरियन पॉप गटाच्या २०१८च्या 'आयडॉल' गाण्यात 'ओल्सु' आणि 'जिह्वाजा' अशा आरोळ्या येतात, त्या याच कुळातल्या. आणि त्याच गाण्याचा ठेका दक्षिण आफ्रिकेच्या डर्बनमधल्या ग्कोम संगीताच्या वळणाचा आहे. चाहते कार्यक्रमात ठरल्या जागी एका सुरात नावं पुकारतात, तो मात्र छुइम्सेचा वारसा आहे असं कुणी सांगितलं तर जरा सबुरीने घ्या. ते पुकारे आधी ठरवून, पाठ करून येतात. छुइम्से त्या क्षणी सुचते.

पान्सोरीच्या बारा कथा होत्या, गायल्या जातात त्या आता पाच. त्यातली एक 'जोकब्योक्गा', म्हणजे चीनच्या तीन राज्यांच्या कादंबरीतली लाल कड्यांची लढाई. दुसरी 'सुगुंग्गा'. समुद्राचा नागराजा आजारी पडतो, औषध एकच: सशाचं यकृत. कासव जमिनीवर जातं, सशाला गोड बोलून समुद्रतळी आणतं. ससा म्हणतो, अरेरे, आधी सांगायचं नाही का, यकृत तर मी घरीच ठेवून आलो!

हसलात ना? ओळखलीत. आपल्या गोष्टीत माकड आहे, मगर आहे आणि झाडावर ठेवलेलं काळीज आहे. पंचतंत्रात ती आहे, त्याआधी जातककथांत. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांबरोबर ती पूर्वेकडे गेली आणि वाटेत माकडाचा ससा झाला. ११४५ साली पूर्ण झालेल्या 'सामगुक सागी' या कोरियन इतिहासग्रंथात ती येते, तीही थेट राजकारणात. ६४२ साली शिल्ला राज्याचा किम छुन-छु मदत मागायला कोगुर्योच्या राजाकडे गेला. राजाने आधी मुलूख मागितला. हा नाही म्हणाला, तर कैदेत टाकलं. तिथल्याच एका दरबाऱ्याने त्याला कासव-सशाची गोष्ट सांगितली. किम शहाणा होता. मुलूख परत मिळवून देतो असं त्याने कबूल केलं, सुटला, आणि सरहद्द ओलांडल्यावर हात वर केले.

वाद्यांचंही तेच. १९९३ साली सो थेजी अँड बॉईज या कोरियन गटाने 'हायोगा' या गाण्यामध्ये रॅप आणि इलेक्ट्रिक गिटारच्या मध्ये थेप्योंगसो वाजवून घेतलं. कर्कश, टोकदार, दोन पात्यांचं, फुंकून वाजवायचं वाद्य. इराणी सुरना, चिनी सुओना, आपली सनई, हे सगळं एकच घराणं. २०२०मध्ये बीटीएसच्या शुगाने ऑगस्ट डी या नावाने 'देछ्वीता' काढलं. देछ्वीता म्हणजे राजाच्या स्वारीपुढचं लष्करी वाजंत्री: थेप्योंगसो, लांब पितळी कर्णा, शंख, झांजा, घंटा, ढोल. गाण्याच्या सुरुवातीची वाजंत्र्यांना हुकूम देणारी आरोळीही तिथलीच. कोरियात हे 'अस्सल आपलं' म्हणून जपतात, आणि ते आहेच. पण त्यातली थेप्योंगसो दूरवरून, चीनमार्गे आली आणि मग तिथलीच झाली. बाहेरचं घ्यायचं आणि पचवायचं, ही कोरियाची सवय पॉपपेक्षा फार जुनी आहे.

आता 'सुगुंग्गा'तलाच एक तुकडा ऐकू. ईनालची हा बँड. नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका पान्सोरी गायकाचं. २०२०मध्ये कोरियाच्या पर्यटन महामंडळाच्या जाहिरातीत हे गाणं आलं आणि घराघरांत पोचलं. प्रसंग असा: कासव दमून जमिनीवर आलंय, जबडा आखडलाय. सशाला हाक मारायला जातं, जीभ घसरते आणि हाक जाते वाघाला. वाघाला आजवर कुणी इतक्या अदबीने बोलावलेलं नसतं. तो खूश होऊन डोंगर उतरायला लागतो. गिटार शोधू नका, नाहीये. दोन बेस, एक ड्रम्स, बाकी सगळे पान्सोरीत तयार झालेले गळे. शब्द जुनेच आहेत. वाघाचं वर्णन सुरू झालं की बेसकडे कान ठेवा, तो शेवटपर्यंत जागचा हलत नाही.