पीटर्सबर्गच्या खंदकात साडेनऊ महिने

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतलं यादवी युद्ध म्हटलं की आपल्याला लिंकन आठवतो, गुलामगिरी आठवते, झालंच तर गेटिसबर्ग. आज मात्र मी पीटर्सबर्गबद्दल बोलणारे. व्हर्जिनियातलं गाव, दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या खाली, आणि रिचमंडला खायला घालणाऱ्या रेल्वे इथूनच जायच्या, त्यामुळे उत्तरेचा जनरल ग्रँट जून 1864 मध्ये इथे येऊन जो बसला तो एप्रिल 1865 पर्यंत हललाच नाही. खरं म्हणजे हा पुरता वेढा नव्हताच, गाव चहूबाजूंनी कधी कोंडलं गेलं नाही, फक्त खंदक लांबत गेले, लांबत गेले, ते पार तीस मैलांच्या वर.

आता त्या खंदकातला साधा शिपाई बघा. उन्हाळा, सुरुवातीला जवळजवळ दीड महिना पावसाचा थेंब नाही, अंगावर लोकरीचा गणवेश, डोक्यावर काठ्यांना बांधलेली चादर एवढीच सावली, आणि डोकं जरा वर काढलं की समोरचा नेमबाज टिपायला बसलेलाच. टोपी काठीवर धरून वर करायची, भोक पडलं तर समजायचं की साहेब जागे आहेत! उवा तर दोन्हीकडे सारख्याच, जनरलपासून शिपायापर्यंत कुणालाच सुटका नाही. रात्री तोफगोळे उखळीतून वर जायचे, त्यांची वात जळताना आकाशात दिसायची, ती बघून कुठे पडणार याचा अंदाज बांधायचा आणि जमिनीखालच्या लाकडी बिळात घुसायचं.

खाण्यात मात्र फरक होता, जमीन-अस्मानाचा. उत्तरेकडे सिटी पॉइंट नावाच्या बंदरावर जहाजांची रांग, तिथून थेट खंदकामागे आगगाडी, मोठी बेकरी, ताजा पाव. आणि कॉफी. कॉफीशिवाय त्या शिपायाचं पानच हलायचं नाही. दाणे बंदुकीच्या दस्त्याने कुटायचे, पत्र्याच्या मगात उकळायचे, त्यात दगडासारखं कडक बिस्कीट बुडवायचं, म्हणजे आतले किडे वर तरंगतात, ते काढून टाकायचे आणि खायचं. दक्षिणेच्या पोराला मात्र मक्याचं पीठ आणि थोडंसं खारवलेलं डुकराचं मांस, तेही कधी खवट. सप्टेंबरात त्यांच्या घोडदळाने उत्तरेच्या पिछाडीला जाऊन जवळजवळ अडीच हजार गुरंच हाकलून आणली, तेव्हा चार दिवस चंगळ झाली म्हणा.

मग व्हायचं काय, की दोन्हीकडचे पहारेकरी गुपचूप सौदा करायचे. तुझी कॉफी, माझा तंबाखू, आणि वर्तमानपत्रांची अदलाबदल. वरून गोळीबाराचा हुकूम आला तर आधी ओरडून सांगायचे, खाली बसा रे बाबांनो! ही गोष्ट सगळे फार प्रेमाने सांगतात, शत्रूमधली माणुसकी वगैरे. मलाही आवडते. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जिथे उत्तरेकडून काळ्या शिपायांच्या तुकड्या होत्या तिथे हा दोस्ताना चालायचा नाही, तिथे दिवसरात्र गोळ्याच. म्हणजे माणुसकीला कुंपण होतं.

आणि 30 जुलैला ते उघड दिसलं. उत्तरेच्या 48व्या पेन्सिल्वेनिया रेजिमेंटमध्ये बरेच जण कोळसा खाणीतले, त्यांचा लेफ्टनंट कर्नल हेन्री प्लेझंट्स स्वतः इंजिनियर, त्यांनी ठरवलं की समोरच्या गढीखाली बोगदा खणू. वरच्यांनी हसून सोडून दिलं, नीट हत्यारं पण दिली नाहीत. तर यांनी बिस्किटांच्या खोक्यांची हातपाटी केली, आत हवा खेळावी म्हणून आग पेटवून धुराडं काढलं आणि पाचशे फुटांच्या वर बोगदा नेला. आठ हजार पौंड बंदुकीची दारू भरली. वात लावली तर मधेच विझली, दोघं आत रांगत गेले आणि पुन्हा पेटवून आले (मी नसतो गेलो बुवा). पहाटे सगळं आकाशात उडालं, तीस फूट खोल खड्डा.

पुढे मात्र नुसता घोळ. पहिला हल्ला काळ्या पलटणीने करायचा, त्यांची तयारी करून घेतलेली, पण आदल्या दिवशी ते रद्द झालं, पुढची डिव्हिजन चिठ्ठ्या टाकून निवडली आणि तिचा सेनापती मागे आडोशाला रम पीत बसला. शिपाई खड्ड्याला वळसा घालायच्या ऐवजी खड्ड्यातच उतरले आणि अडकले. काळ्या पलटणी उशिरा आत ढकलल्या आणि त्यांच्यातल्या अनेकांना, शरण आलेल्यांनासुद्धा, दक्षिणेच्या शिपायांनी मारून टाकलं. वातीसाठी आत गेलेल्या त्या दोघांच्या हिमतीचं चीज वरच्यांनी असं केलं, मला तर त्याचाच राग येतो.

हिवाळ्यात चिखल, थंडी, आणि दक्षिणेच्या खंदकातून रोज रात्री पोरं पळायला लागली, घरून पत्रं यायची ना, उपाशी आहोत म्हणून. 2 एप्रिल 1865 ला फळी फुटली, दक्षिणेचा सेनापती ली माघारी गेला आणि 9 तारखेला शरण आला. इकडे आपल्या मुंबईत मात्र धाबं दणाणलं, कारण अमेरिकेचा कापूस बंद म्हणून वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्यावर शेअरचा सट्टा रंगलेला, प्रेमचंद रायचंद वगैरे मंडळी त्यात आघाडीवर. शांतता झाली, कापूस गडगडला, आणि जुलै 1865 मध्ये अर्धी मुंबई कर्जात. त्या सट्ट्याबद्दल पुढच्या भाषणात बोलू, आजची वेळ संपली. नमस्कार.