आतल्या लेनची किंमत

800 मीटरच्या शर्यतीत पहिले वळण संपेपर्यंत प्रत्येक धावपटू आपापल्या लेनमध्ये धावतो. त्यानंतरच्या रेषेपाशी ही शिस्त संपते आणि सगळे एकाच वेळी आतल्या कडेकडे झेपावतात. 1500 मीटरला तेवढीही सोय नाही. वक्र रेषेमागे डझनभर धावपटू खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि पिस्तूल वाजताच सर्वांना एकच जागा हवी असते. याचे कारण साध्या हिशेबात आहे. लेनची रुंदी 1.22 मीटर असते, त्यामुळे पूर्ण फेरी दुसऱ्या लेनमधून धावणाऱ्याला पहिल्या लेनमधल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा साडेसात मीटरहून अधिक जास्तीचे अंतर कापावे लागते. जिथे पदक एखाद्या पावलाने हुकते, तिथे हे अंतर सहजासहजी कोणी सोडत नाही.

मात्र आतल्या लेनमध्ये कोंडी होण्याचे भय असते. समोर एक धावपटू, उजव्या हाताला दुसरा आणि डावीकडे ट्रॅकची कड, अशा स्थितीत पायांत कितीही बळ शिल्लक असले तरी वेग वाढवायला वाटच उरत नाही. म्हणून जाणते धावपटू पुढच्याच्या थेट पाठीमागे न राहता त्याच्या उजव्या खांद्याशी धावतात. थोडे जास्त अंतर पत्करून ते सुटकेची वाट राखून ठेवतात.

शर्यत संथ झाली की ही चढाओढ अधिक तीव्र होते. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पेसमेकर, म्हणजे इतरांसाठी पुढे धावून वेग ठरवून देणारा धावपटू, नसतो, आणि वाऱ्याला तोंड देत पुढे धावून इतरांना आयता आडोसा द्यायला कोणी राजी नसते. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने 1500 मीटरचे सुवर्णपदक 3 मिनिटे 50 सेकंदांत जिंकले. 1932 नंतरची ही या प्रकारातील सर्वांत संथ विजयी वेळ होती. शेवटची फेरी मात्र त्याने 51 सेकंदांच्या आत संपवली. अशा शर्यतीत दमून मागे पडणारे कोणी नसल्याने घोळका विरळ होत नाही. पावले आखडती घ्यावी लागतात, मागच्याच्या बुटांचे खिळे (स्पाइक्स) पुढच्याच्या टाचेला लागतात, तोल सावरताना कोपर शेजाऱ्याच्या बरगडीवर आदळते. दूरचित्रवाणीवर गुंडगिरीसारखे वाटणारे बरेचसे धक्के असे घडतात, आणि त्यांमागे धावपटूचा हेतू शोधत बसणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

धक्का देण्याबद्दल किंवा वाट अडवण्याबद्दलचा नियमही हेतूवर अडून राहत नाही. 23 ऑगस्ट 2009 रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या 1500 मीटरच्या अंतिम शर्यतीत सुमारे 200 मीटर उरले असताना इथिओपियाची गेलेते बुर्का आघाडीवर होती. स्पेनची नतालिया रोद्रिगेझ तिच्या आतल्या बाजूने, जेमतेम एका माणसाच्या रुंदीच्या फटीतून, पुढे घुसली. दोघींचा स्पर्श झाला आणि बुर्का ट्रॅकवर कोसळली. रोद्रिगेझने अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडली, पण प्रेक्षागारातून तिची हुर्यो उडवली जात होती. शर्यतीनंतर ती बुर्काची समजूत घालायला गेली. पंचांनी तिला अपात्र ठरवले आणि सुवर्णपदक बहरीनच्या मरियम युसुफ जमालकडे गेले. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो, कारण फट अरुंद आहे हे मागून येणाऱ्याला दिसत असते आणि पुढच्याला दिसत नसते.

महाराष्ट्राने या नियमाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. जुलै 2017 मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत अर्चना आढावने 800 मीटरची अंतिम रेषा प्रथम ओलांडली, परंतु अखेरच्या क्षणी निमाली वालिवर्षाला धक्का लागल्याची तक्रार श्रीलंकेने केली आणि अर्चनाचे सुवर्णपदक गेले.

दुसरी बाजू दोहाची. 2019 च्या जागतिक स्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडव्याचा, लष्करात सेवा बजावणारा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत धावत होता. या शर्यतीतले अडथळे धक्क्याने आडवे होत नाहीत. त्यामुळे घोळक्यात समोरचा अडखळला, की मागच्याला वेग कमी करण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि मोडलेली लय पुढच्या अडथळ्यापर्यंत जुळवून आणणे फार अवघड असते. इथिओपियाच्या टाकेले निगातेच्या अडखळण्यामुळे साबळेची वाट दोनदा अडली. तरीही 8 मिनिटे 25.23 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम करत त्याने शर्यत पूर्ण केली. तो गटात सातवा आला आणि त्या क्रमांकानुसार स्पर्धेबाहेर होता.

भारताने तक्रार नोंदवली. अडवणूक झालेल्या खेळाडूला पुढील फेरीत स्थान देण्याची मुभा पंचांना असते, पण त्याने शर्यत प्रामाणिक प्रयत्नाने पूर्ण केलेली असावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ट्रॅकच्या कडेला थांबून हातवारे करणाऱ्याची बाजू इथेच लंगडी पडते. चित्रफीत तपासल्यावर साबळेची अडवणूक मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. तिथे तो तेरावा आला. पदक दूरच होते, पण त्याची वेळ होती 8 मिनिटे 21.37 सेकंद, आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता होती 8 मिनिटे 22 सेकंद.